रस्ता बंद झालाच नव्हता

शालेय पुस्तकांत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि व्याख्यानमालांच्या मंचावरून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, त्यामुळे आशिया आणि युरोप यांना जोडणारा खुष्कीचा व्यापारी मार्ग बंद झाला आणि युरोपीयांना भारताकडे येणारा समुद्रमार्ग शोधणे भाग पडले. त्याला लागूनच दुसरे वाक्य येते. शहर पडताच तिथले ग्रीक विद्वान आपले ग्रंथ घेऊन इटलीला गेले आणि युरोपात प्रबोधनाचा उदय झाला. मग तिसरे: मध्ययुग संपले, आधुनिक युग सुरू झाले. मुले हे पाठ करतात, परीक्षेत दोन गुण मिळवतात आणि पुढे आयुष्यभर जगाच्या इतिहासाचा सांगाडा म्हणून तेच डोक्यात वागवतात.

या मांडणीची मला मनापासून चीड आहे. एखादा सनावळीचा तपशील चुकला असता तर तो दुरुस्त करून पुढे जाता आले असते. इथे प्रबोधनाची कथा उलट क्रमाने सांगितली जाते, आणि समुद्रमार्गाच्या कथेत तर रस्ता अडवणारा कोण आणि चालू ठेवू पाहणारा कोण यांचीच अदलाबदल होते. त्यात ज्यांची गावे जळली ते आपल्याच किनाऱ्यावरचे लोक होते.

हे मत मांडणाऱ्यांचा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. कॉन्स्टॅन्टिनोपल युरोप आणि आशिया यांच्या वेशीवर. ते तुर्कांच्या हाती गेले म्हणजे वेशीची किल्ली गेली. युरोपला मिरी, लवंग, दालचिनी हवी होती आणि तुर्कांनी तिची वाट अडवली. दुसरा मार्ग शोधण्यावाचून पर्याय उरला नाही. १४५३ नंतर १४८८ साली बार्तोलोमेउ दियश आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालतो, १४९२ साली कोलंबस पश्चिमेला निघतो, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोचतो. एकामागून एक सने आली की आधीचे सन कारण आणि नंतरचे परिणाम, असे मानायला मन लगेच तयार होते.

पण नकाशा उघडून मिरी कुठून कुठे जात होती हे कोणी पाहिले आहे का?

मिरी मलबारात पिकत होती. तिथून ती अरबी समुद्र ओलांडून एडनला, तांबड्या समुद्रातून जेद्दाला, पुढे कैरोला आणि नाईलच्या मुखाशी अलेक्झांड्रियाला जाई. तिथे व्हेनिसची गलबते ती भरून नेत. दुसरी वाट होर्मुझवरून इराणच्या आखातातून इराककडे आणि तिथून सीरियातल्या अलेप्पो, दमास्कस, बैरुतकडे. इजिप्त आणि सीरिया हे दोन्ही मुलूख १४५३ साली ममलूक सुलतानांच्या ताब्यात होते आणि पुढची त्रेसष्ट वर्षे राहिले. ऑटोमन सुलतान पहिला सलीम याने सीरिया घेतला १५१६ साली आणि कैरो १५१७ च्या जानेवारीत. वास्को द गामाने लिस्बन सोडले जुलै १४९७ मध्ये. वीस वर्षांनी जो मुलूख ऑटोमनांच्या हाती येणार होता, त्यातून जाणारा रस्ता त्यांनी वीस वर्षे आधी कसा बंद केला?

ममलूक आणि ऑटोमन यांचे सख्य होते म्हणावे, तर १४८५ ते १४९१ अशी सहा वर्षे दोघे एकमेकांशी लढत होते. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना पंधराव्या शतकात मिरीच्या भावाचा सर्वांत मोठा जाच झाला तो कैरोत बसलेल्या सुलतान बार्सबायचा. त्याने मिरीच्या विक्रीवर मक्ता बसवून अलेक्झांड्रियात मनमानी भाव लावला. तो १४३८ साली मेलासुद्धा. तेव्हा कॉन्स्टॅन्टिनोपलवर ग्रीक सम्राटच होता.

आता खुद्द १४५३ च्या कॉन्स्टॅन्टिनोपलकडे, म्हणजे इस्तंबूलकडे वळू. ६ एप्रिलला वेढा सुरू झाला, २९ मे रोजी शहर पडले. जिंकणारा दुसरा मेहमद एकवीस वर्षांचा होता. ज्या शहराला जगाची बाजारपेठ म्हणून रंगवले जाते, ते तेव्हा पोकळ झालेले होते. १२०४ साली चौथ्या धर्मयुद्धातल्या ख्रिस्ती सैनिकांनीच ते लुटले होते, पुढे साथीच्या रोगांनी ते ओस पडत गेले, आणि वेढ्याच्या वेळी तटावर उभे राहू शकणारे ग्रीक पाच हजारांच्याही आतच भरले. व्यापार शंभर वर्षांपूर्वीच खाडीपलीकडच्या गलात्यात, जिनोआच्या वसाहतीत गेला होता. चौदाव्या शतकाच्या मध्यावर गलात्याची जकात साम्राज्याच्या राजधानीच्या जकातीच्या कितीतरी पट होती. अशा शहराच्या पडण्याने जगाचा व्यापार कसा थांबेल?

मेहमदाने पुढे काय केले हे तर त्या पाठ्यपुस्तकी वाक्यात कधीच येत नाही. शहर पडल्यावर तीनच दिवसांनी, १ जून १४५३ रोजी, त्याने गलात्याच्या जिनोईजांना करार लिहून दिला. तटबंदी पाडावी लागेल, चर्चच्या घंटा वाजवता येणार नाहीत. पण मालमत्ता तुमची तुमच्याकडे, चर्च तुमचे, आणि माझ्या मुलखात व्यापार करायला मोकळीक, जकात भरून. व्हेनिसशी तह झाला १८ एप्रिल १४५४ रोजी. दोन टक्के जकात, आणि व्हेनिसचा वकील इस्तंबूलमध्ये कायम राहणार. वर्ष पुरे व्हायच्या आत ज्याने दोन्ही मोठ्या इटालियन व्यापारी सत्तांशी करार केले, त्याने रस्ता बंद केला म्हणायचे? ज्या सुलतानाचा खजिना जकातीवर भरत होता, तो वाहता माल अडवील कशाला? ओस शहरात त्याने ठिकठिकाणचे कारागीर आणि व्यापारी आणून वसवले, मोठा बाजार बांधायला घेतला, १४५४ च्या जानेवारीत ग्रीक ख्रिस्ती प्रजेसाठी गेन्नादिओस स्कोलारिओस याला धर्मगुरूच्या गादीवर बसवले. वेढ्यातली कत्तल आणि लूट खरी आहे, तिच्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण कत्तल करणारा विजेता आणि व्यापार तोडणारा राजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळे दूरच्या भूमध्य समुद्रातले म्हणून ज्यांना ते परके वाटत असेल, त्यांनी आपल्या दाभोळच्या बंदरात यावे. १४५३ हेच वर्ष. इराणच्या गिलान प्रांतातला, चाळिशी ओलांडलेला एक व्यापारी माल घेऊन दाभोळला उतरतो आणि घाट चढून बहमनी राजधानी बीदरला जातो. त्याचे नाव महमूद गावान. पुढे हाच बहमनी राज्याचा वजीर झाला, १४७२ साली त्याने गोवा जिंकले आणि बीदरला मदरसा उभारला, त्याचा मिनार आजही पाहता येतो. जगाचा व्यापार थांबला असे ज्या वर्षाबद्दल सांगितले जाते, त्याच वर्षी कॅस्पियनकाठचा सौदागर कोकणात माल उतरवत होता.

गावान वजीर झाला तरी व्यापार सुटला नाही. त्याच्या पत्रसंग्रहात खुद्द दुसऱ्या मेहमदाला लिहिलेली पत्रे आहेत. १४८० च्या सुमारास त्याचे गुमास्ते दख्खनचा माल घेऊन बुर्साच्या बाजारात पोचले होते. बुर्सा ऑटोमनांचे शहर, इस्तंबूलपासून जवळ, आणि तिथे फ्लॉरेन्सचे व्यापारी लोकरी कापड विकायला आणि रेशीम विकत घ्यायला येत. बीदर आणि फ्लॉरेन्स एकाच तुर्की बाजारात, कॉन्स्टॅन्टिनोपल पडल्यावर सव्वीस-सत्तावीस वर्षांनी. यापेक्षा मोकळा रस्ता कसा असतो?

आणखी एक साक्षीदार आहे, आणि त्याचे स्मारक आपल्या रेवदंड्यात आहे. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या आसपास चौलला उतरला. जुन्नरच्या अधिकाऱ्याने त्याचा घोडा काढून घेतला, बीदरला त्याने काही काळ मुक्काम केला, दाभोळचे बंदर किती मोठे आणि तिथे कुठकुठचे घोडे उतरतात ते लिहून ठेवले. परत जाताना तो होर्मुझवरून इराण ओलांडून काळ्या समुद्राच्या काठावर ट्रेबिझोंडला पोचला. ट्रेबिझोंड ऑटोमनांनी १४६१ सालीच घेतले होते. तिथे त्याच्या सामानाची झडती झाली, त्रासही झाला, पण तो तिथूनच जहाजाने पुढे गेला. पाठ्यपुस्तकातल्या बंद रस्त्यावरून हा एकटा, फारसे भांडवल नसलेला माणूस गेला. आपल्याकडे स्मारक उभारायला निकितिन चालतो. मग त्याने प्रत्यक्ष चालून दाखवलेली वाट वर्गात शिकवायला का चालू नये?

एक गोष्ट मान्य करतो. एजियन आणि काळ्या समुद्रातला जिनोआचा व्यापार तुर्कांनी खरोखर मोडला. १४५५ साली फोकेयाच्या तुरटीच्या खाणी गेल्या, १४७५ साली क्रिमियातले काफा गेले. जिनोआचे त्यात मोठे नुकसान झाले. पण कापड रंगवायला लागणारी तुरटी पुढे इटलीतच, रोमजवळच्या तोल्फात सापडली, आणि काफाचा व्यापार मुख्यतः गुलाम आणि धान्य यांचा होता. या नुकसानीमुळे कोणाला मलबारची मिरी मिळेनाशी झाली नाही. अलेक्झांड्रिया आणि बैरुतला व्हेनिसची गलबते पंधरावे शतक संपेपर्यंत येत होती. भावांची तपासणी करून अल्बर्ट लायबायर या अमेरिकन इतिहासकाराने १९१५ सालीच दाखवून दिले की तुर्कांच्या विजयांचा आणि मसाल्याच्या महागाईचा संबंध लागत नाही. शंभराहून अधिक वर्षे झाली. शंभर वर्षांत एक वाक्य बदलायला आपल्याला सवड मिळाली नाही?

मग पोर्तुगीज निघाले कशासाठी? इथे तर सने स्वतःच बोलतात. उत्तर आफ्रिकेतले सेउता त्यांनी घेतले १४१५ साली. बोजादोरचे भूशिर जिल इयानिशने ओलांडले १४३४ साली. १४४४ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालमधल्या लागुशच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून धरून आणलेली २३५ माणसे उतरवून त्यांची वाटणी झाली. आयांपासून मुले वेगळी केली गेली. पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर अख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचे गुलाम करण्याची मुभा देणारे आज्ञापत्र काढले ते जून १४५२ मध्ये, कॉन्स्टॅन्टिनोपल पडण्याच्या अकरा महिने आधी. म्हणजे १४५३ उजाडले तेव्हा मोहीम अडतीस वर्षांची झाली होती, तिचा धंदा ठरला होता आणि तिला धर्माची मोहरही मिळाली होती. आफ्रिकेचे सोने, आफ्रिकेची माणसे, मुसलमानांविरुद्धचे युद्ध, आणि कैरो व व्हेनिस यांच्या हातातला नफा स्वतःकडे वळवण्याची इच्छा. ही कारणे त्यांच्याच कागदांत आहेत. कारण आधी आणि परिणाम नंतर एवढा नियम इतिहासालाही लागू असेल, तर १४१५ साली सुरू झालेल्या गोष्टीचे कारण १४५३ मध्ये शोधायचे कसे?

गामा कालिकतला पोचला तेव्हा त्याच्या माणसाला किनाऱ्यावर प्रथम भेटले ते ट्युनिसचे दोन मुसलमान. त्यांना कॅस्टिलियन आणि जिनोईज बोलता येत होते. ज्या बंदरात भूमध्य समुद्रावरची माणसे आधीच वावरत होती, तिथे जाणारा रस्ता बंद असल्यामुळे आपण आलो, असे गामालाही म्हणता आले नसते.

आता विद्वानांची कथा. फ्लॉरेन्सने मानुएल क्रिसोलोरास या ग्रीक पंडिताला पगार देऊन शिकवायला बोलावले १३९७ साली. तो कोणापासून पळून आला नव्हता, शहराचा मंत्री कोलुच्चो सालुताती याने त्याला निमंत्रण दिले होते. टॉलेमीच्या भूगोलाचे लॅटिन भाषांतर पंधराव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांतले. जोव्हान्नी आउरिस्पा हा सिसिलीचा माणूस १४२३ साली कॉन्स्टॅन्टिनोपलहून २३८ हस्तलिखिते घेऊन आला. शहर पडायला अजून तीस वर्षे होती. १४३८ आणि १४३९ साली दोन्ही चर्चच्या ऐक्यासाठी फेरारा आणि फ्लॉरेन्सला परिषद भरली, तेव्हा ग्रीक सम्राट, प्लेथोन आणि बेस्सारिओन या पंडितांसह मोठा लवाजमा घेऊन स्वतः इटलीत आला होता. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ साली पुरा झाला. चित्रकार मासाच्चो १४२८ साली मेला. आल्बेर्तीने चित्रकलेवरचा ग्रंथ १४३५ साली लिहिला. कवी पेत्रार्क तर १३७४ सालीच गेला होता. शिल्पकार दोनातेल्लोचा घोडेस्वार पादुआत चौथऱ्यावर चढला तो १४५३ सालीच, आणि त्या शिल्पामागे त्याची कित्येक वर्षांची मेहनत होती. एवढे सगळे घडून गेल्यावर जे विद्वान आले, त्यांनी प्रबोधन सुरू केले म्हणणे हा कोणता हिशोब?

१४५३ नंतर ग्रीक पंडित आलेच नाहीत असे नाही. योआन्निस आर्गिरोपुलोस आला, फ्लॉरेन्सला त्याने उत्तम शिकवले. पण त्याने पादुआची पदवी १४४४ साली, शहर पडण्याआधीच घेतली होती. वाट त्याला ठाऊक होती आणि शिष्य तयार होते. इटलीत ग्रीक विद्येची भूक पन्नास वर्षांपासून होती म्हणून या निर्वासितांना पोट भरता आले.

त्या वेळच्या माणसांना काय वाटले तेही पाहावे. एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी, जो पुढे पोप दुसरा पायस झाला, त्याने जुलै १४५३ मध्ये पोपला पत्र लिहून शोक केला की होमर आणि प्लेटो यांना दुसऱ्यांदा मरण आले. ग्रंथांचा प्रचंड साठा नष्ट झाल्याच्या बातम्या व्हेनिसच्या विद्वानांत फिरत होत्या. त्या पिढीला या घटनेत विद्येचा अंत दिसला. विद्येची पहाट त्यात नंतरच्या पुस्तकांनी पाहिली, कारण एक पडझड आणि एक उदय जवळ ठेवले की गोष्ट रंगतदार होते. शिवाय या कथेत अरबी विद्या पुसली जाते. अ‍ॅरिस्टॉटल, युक्लिड आणि वैद्यक यांतले कितीतरी ज्ञान लॅटिन युरोपला बाराव्या शतकात तोलेदोच्या भाषांतरकारांनी अरबीतून दिले होते. इब्न सिना आणि इब्न रुश्द युरोपच्या विद्यापीठांत शिकवले जात होते. तुर्काने ग्रीकाला हाकलले म्हणून युरोप शहाणा झाला, या गोष्टीत मुसलमानाच्या वाट्याला फक्त हाकलण्याचे काम येते. हा अन्याय आपल्या पुस्तकांनी तरी का करावा?

मध्ययुग संपल्याच्या दाव्यावर फार शब्द खर्च करायला नकोत. १७ जुलै १४५३ रोजी कास्तियाँला फ्रेंच तोफांपुढे इंग्रज हरले आणि शंभर वर्षांचे युद्ध आटोपले. फ्रान्ससाठी ते वर्ष मोठेच. त्याच वर्षी मंगोलियात एसेनने स्वतःला खान घोषित केले, दिल्लीत बहलोल लोदी नुकताच स्थिरावत होता, बीदरला अलाउद्दीन अहमदशहा राज्य करत होता. यांपैकी कोणाचे युग त्या मे महिन्यात संपले? युरोपच्या सोयीचे सन आपण साऱ्या जगाच्या भिंतीवर का लटकवायचे?

यावर एक बचाव ऐकू येतो. मुलांना सोपे करून सांगावे लागते, कारणे थोडी इकडेतिकडे झाली तर काय बिघडते? खूप बिघडते. ‘भाग पडले’ या दोन शब्दांनी आक्रमणाची गरज होते. मसाल्यावाचून अडलेला, नाइलाजाने बाहेर पडलेला युरोप आणि त्याची वाट अडवणारा तुर्क असे चित्र एकदा मुलाच्या मनात ठसले की पुढच्या धड्यातला, गोवा घेणारा पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्क त्याला केवळ धाडसी दर्यावर्दी वाटतो. प्रत्यक्षात काय घडले? १५०२ साली गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसकट जाळले. अरबी समुद्रात पोर्तुगीज परवान्याशिवाय जहाज दिसले की ते लुटायचे, असा नियम त्यांनी लादला. १५०७ साली त्यांनी सोकोत्रा घेतले, १५१३ साली एडनवर हल्ला केला, १५१५ साली होर्मुझ घेतले. ही ठिकाणे नकाशावर पाहा. तांबडा समुद्र आणि इराणचे आखात या दोन दारांवरच त्यांनी कुलपे ठोकायला घेतली होती.

आणि रस्ता उघडा ठेवायला कोण लढले? १५०८ च्या मार्चमध्ये आपल्या चौलच्या खाडीत ममलूक आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना गाठले आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा तिथे मारला गेला. ममलूकांना तोफा आणि जहाजांसाठी लाकूड पाठवणारा होता ऑटोमन सुलतान दुसरा बायझीद. ज्याच्यावर रस्ता बंद केल्याचा आरोप, तोच रस्ता वाचवण्यासाठी आपल्या जुन्या शत्रूला मदत करत होता. मुलाचा सूड म्हणून फ्रान्सिस्को द अल्मेदाने डिसेंबर १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळले आणि सापडेल त्याला मारले. पुढच्या फेब्रुवारीत दीवला संयुक्त आरमार हरले. १५१० च्या नोव्हेंबरमध्ये गोवा पडले आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल झाली. एवढे करूनही जुना मार्ग मेला नाही. इजिप्त ऑटोमनांकडे गेल्यावर, १५६० च्या दशकात, अलेक्झांड्रियाहून व्हेनिसला जाणारी मिरी पोर्तुगीजांच्या मिरीच्या तोडीस तोड होती.

‘युरोपीयांनी समुद्रमार्ग का शोधला?’ हा प्रश्न यंदाही विचारला जाईल. शिक्षकांनी आणि पुस्तके लिहिणाऱ्यांनी त्याचे उत्तर आता बदलावे. पोर्तुगीज १४१५ पासून सोने, गुलाम आणि धर्मयुद्ध यांसाठी बाहेर पडले होते. मसाल्याचा जुना मार्ग चालू होता, नफ्याचा होता आणि तो नफा दुसऱ्यांना मिळत होता, म्हणून त्यांना तो मोडायचा होता. तो मोडायच्या खटपटीत त्यांनी दाभोळ जाळले आणि गोवा घेतले. १४५३ साली कॉन्स्टॅन्टिनोपल पडले नसते, तरी ते आलेच असते.